निघोज्यात अडवलेलं जहाज

मी बंदरांच्या पर्यावरणाचा जाणकार आहे, असं आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात छापलंय. शेजारी माझा फोटो आहे, टाय लावलेला. टाय धाकट्या मेव्हण्याच्या लग्नातला. समुद्राशी माझा संबंध एवढाच की एकदा सहकुटुंब कोकणात गेलो असताना होडीत बसलो, आणि किनाऱ्यावरचा नारळपाणीवाला अजून स्पष्ट दिसत होता तेवढ्यात मला उलटी झाली. पोहता येत नाही. पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे, त्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मी शेजाऱ्यांशी टँकरच्या पाण्याबद्दल तक्रारी करतो. घरात याला 'बाबा पोहायला गेलेत' म्हणतात.

तर असा हा जाणकार. हे हसत सांगतोय खरं, पण सांगायला बसलो तो हसण्यासाठी नाही. गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासून माझ्या डोक्यात एक राग येऊन बसलाय आणि तो काही केल्या उठत नाही. बायको म्हणते, "तुमचा राग जावयासारखा आहे. आला की पाहुणचार मागतो आणि जायचं नाव काढत नाही. लिहून टाका एकदाचं." म्हणून लिहितोय.

आमची कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड, काही मशीनं आणि एक मालक. मालक माणूस वाईट नाही. आम्ही बनवतो ते पाण्यावरचं तेल उचलणारं यंत्र. दिसायला साधं: एका तरंगत्या सांगाड्यावर दोन पिंपं आडवी बसवलेली. मोटर चालू केली की पिंपं पाण्यात फिरतात, वरचं तेल त्यांना चिकटतं, एक पट्टी ते खरवडून पन्हळीत घेते आणि पंप ते बाजूच्या बंद टाकीत नेतो. ताटातलं तूप बोटाने निपटावं तसं. बंदरात जहाजं उभी असतात, मासेमारीच्या होड्या असतात, त्यांचं डिझेल आणि वंगण पाण्यावर पसरतं. ते उचलायला हे मशीन. माझं खरं काम माल तपासून रवाना करण्याचं, पण कंपनीत बरं लिहिणारा मी एकटाच असल्यामुळे माहितीपत्रकातला मजकूरही माझाच. 'बंदराच्या पाण्यात तेलाचा एक थेंबही राहू नये, हा आमचा ध्यास आहे.' हे वाक्य माझं. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "तुमचा ध्यास मला माहीत आहे. तो ताटात असतो."

आधी आम्ही भोसरीत होतो, भाड्याच्या गाळ्यात. जागा पुरेना, तेव्हा चाकणजवळच्या निघोज्यातली शेड मिळवून दिली माझ्या दाजींनी. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही भावंडं भोसरीतल्या कामगारांच्या खोल्यांमध्ये वाढलो, पण आक्का लग्न होऊन निघोज्यात गेली आणि इतकी तिथली झाली की तिची भाषासुद्धा बदलली. शेड ठरली तेव्हा दाजींनी गावभर सांगितलं, "आमच्या मेव्हण्याची कंपनी येती. समुद्र साफ करणारी हाय. घाण करणारी न्हाई." चाकणच्या कंपन्यांच्या शेजारी राहून राहून गावाला असा खुलासा लागतो.

शेडच्या मागे ओढा आहे. ओढ्याच्या खालच्या अंगाला आक्काची विहीर. दाजींच्या वडिलांनी ओढ्यातून विहिरीत एक पाइप घातलेला, म्हणजे ओढा वाहता असेपर्यंत विहीर तुडुंब. त्या विहिरीवर घर, दोन म्हशी आणि झेंडूचा मळा. तिच्याही खाली आक्काच्या जावेची विहीर, तिलाही तसाच पाइप. आक्का आणि तिची जाऊ एकमेकींशी बोलत नाहीत. का, ते विचारू नका. मी एकदा विचारलं होतं, तर दुपारचं जेवण संध्याकाळी मिळालं.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपापली हत्यारं पुजायची. शेतकरी विळा-खुरपं पुजतो, आम्ही लेथ आणि ड्रिल पुजतो. आमच्या पट्ट्यात या दिवसाचा थाट दिवाळीपेक्षा मोठा. मशीनच्या कपाळावर, म्हणजे बटणांच्या पाटीवर, कुंकवाचं स्वस्तिक. झेंडूची तोरणं. कामगारांच्या बायका-मुलं नवे कपडे घालून येतात, वडील कुठल्या मशीनवर उभे राहतात ते बघतात, फोटो काढतात. मला हा दिवस मनापासून आवडतो. वर्षभर ज्याच्या नावाने शिव्या देतो त्या मशीनला एक दिवस हात जोडायचे, यात काहीतरी न्याय आहे.

पण पुजायचं तर आधी धुवायचं. डिझेलने पुसायचं, पाण्याने धुवायचं. आणि कूलंट बदलायचं. लोखंड कापताना तापू नये म्हणून मशीनवर सतत एक पांढरं पाणी सोडलेलं असतं, तेल पाण्यात घुसळून केलेलं, त्याला कूलंट म्हणतात. ते महिनोन्‌महिने फिरतं, नासतं, त्यावर वंगणाचा काळा थर येतो. आणि जुनं, नासकं कूलंट पूजेला चालत नाही अशी आमच्याकडे कोणीतरी समजूत करून घेतली आहे. कुठल्या पोथीत आहे देव जाणे. त्यामुळे त्या दिवशी एका गल्लीतल्या सगळ्या शेड एकाच वेळी आपापल्या टाक्या रित्या करतात. भोसरीत ते गटारात जायचं. गटाराला झाकण होतं, आणि झाकण असलं की माणसाला फार बरं वाटतं. निघोज्यात झाकण नव्हतं.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे एका बंदराच्या पर्यावरण विभागातल्या मॅडम आल्या. त्यांच्यासाठी बनवलेलं मशीन रवाना होण्याआधी डोळ्यांनी तपासायचं होतं. शेडमधल्या हौदात पाणी भरलं, त्यावर तेल ओतलं, मशीन सोडलं. छान चाललं. मॅडम मात्र चालण्याकडे कमी आणि बाकीच्या गोष्टींकडे जास्त बघत होत्या.

"रंग कुठला वापरलाय? पाण्यात सुटणार नाही ना?"

मी डबा दाखवला.

"उचललेलं तेल या टाकीत. टाकी भरल्यावर?"

"कुठेही न सांडता, अधिकृत ठिकाणी," मी माहितीपत्रकातलं वाक्य पाठ म्हटलं.

मग त्या हौदाकडे वळल्या. "आणि आत्ताचं हे पाणी? याचं काय करता?"

"व्यवस्थित विल्हेवाट लावतो मॅडम," मालक म्हणाले.

हौदाच्या बुडातून एक पाइप निघून मागच्या भिंतीत शिरला होता. मॅडमची नजर त्या पाइपवरून सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली. "भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

"ओढा," मी म्हणालो. मालकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू घरातल्या आजाराची वाच्यता पाहुण्यांसमोर केली.

मॅडमनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "माझी तपासणी मशीनपुरती आहे. बंदरातसुद्धा समुद्रात बांधलेली दगडी भिंत असते, तिच्या आतलं पाणी माझं. बाहेर काय चाललंय ते मी विचारलं तरी मला कोणी सांगत नाही." त्यांनी हे सबब सांगावी तसं सांगितलं नाही, दमलेल्या माणसासारखं सांगितलं. मशीन पास झालं.

मला पहिला राग आला तो तिथे. मॅडमचा नाही, भिंतींचा. बंदराला एक भिंत, तिच्या आत थेंबाथेंबाची काळजी. आमच्या शेडला एक भिंत, तिच्या आत फरशी अशी स्वच्छ की मालक बूट काढायला लावतात. मधल्या सगळ्या जागेचं काय? तिथे आक्का राहते.

दुसऱ्या दिवशी पूजा. तोरणाचा झेंडू आक्काच्याच मळ्यातला, दाजी पहाटे पोतं आणून टाकून गेले होते. आमचा वेल्डर, बीडकडचा, अंगाने पहिलवान आणि स्वभावाने गाय, टाकीचा व्हॉल्व्ह धरून उभा होता. म्हणाला, "साहेब, मागं वढा हाय. सोडू का तसंच?"

"सोड की राव. गुरुजी यायची वेळ झाली," मालक म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, खाली लोकांच्या विहिरी आहेत."

"दरवर्षी सोडतो आपण."

"ते भोसरीत."

"मग तिथलं पाणी काय वर आकाशात जायचं? अहो, नदीलाच मिळायचं. हेही मिळेल. आणि आपण नाही सोडलं तर शेजारचे सोडणारच आहेत. सणाच्या दिवशी तोंड पाडू नका, पेढा घ्या."

मी पेढा घेतला आणि गप्प बसलो. तोंडात पेढा होता हे काही गप्प बसण्याचं कारण होऊ शकत नाही, पण होता.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळ करून श्रीखंडाच्या दिशेने निघालो होतो, तेवढ्यात आक्काचा फोन.

"आरं, म्हशी पाण्याला तोंड लावंनात. तू ये."

"आक्का, आज दसरा आहे."

"म्हशीस्नी म्हाईत न्हाई त्ये."

गेलो. विहीर काठोकाठ भरलेली, आणि पाण्यावर इंद्रधनुष्य. लांबून बघितलं तर सुंदर म्हणावं असं. जवळ गेल्यावर काळपट थर, त्याच्या कडेला फेस, त्यात आमच्याच तोरणाच्या झेंडूच्या पाकळ्या. कठड्याशी हौदात आक्काने सकाळी उपसलेलं पाणी होतं. म्हशी हौदापर्यंत येत होत्या, नाक खाली करत होत्या आणि मान फिरवून आमच्याकडे बघत होत्या. म्हशीच्या नजरेत तुच्छता असू शकते हे मला माहीत नव्हतं.

आक्काने ओंजळीत पाणी घेऊन माझ्या नाकाशी धरलं. "वास घे."

"मला नाही काही येत."

"कसा येईल? तुजं नाक कंपनीचं झालंय."

दाजी कठड्याला टेकून उभे होते. ते विहिरीकडे बघत होते आणि मध्येच माझ्याकडे. समुद्र साफ करणारी कंपनी, हे त्यांनी गावभर सांगितलेलं मला आठवत होतं आणि त्यांनाही आठवत होतं हे मला दिसत होतं.

तेव्हा मला काय सुचलं असेल? जाणकार माणूस. शेडची एक किल्ली माझ्याकडे, आणि शेडमध्ये बंदराचं मशीन पास होऊन उभं. मालकांनी ते दसऱ्याच्या मुहूर्तावर दुपारी रवाना करायचं ठरवलं होतं. म्हटलं, दुपारपर्यंत वेळ आहे. वेल्डरला त्याच्या खोलीवरून उठवलं, एक टेम्पो धरला आणि मशीन विहिरीवर आणलं. मशीनचं वजन दोराला पेलेना, तेव्हा दाजींनी म्हशींची साखळी सोडून आणली. थ्री फेज वीज होती, दसऱ्याचा तेवढा मान वीजमंडळाने ठेवला होता.

मशीन चालू झालं आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला. पिंपं फिरायला लागली, काळं तेल त्यांच्यावर चढायला लागलं, पट्टीवरून ओघळून टाकीत जायला लागलं. इंद्रधनुष्य आकसत आकसत एका कोपऱ्यात गेलं आणि तिथूनही उचललं गेलं. कठड्यावर जमलेल्या शेजाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "लई भारी, भावा." मी हात मागे बांधून उभा राहिलो, फोटोतल्यासारखा. फक्त टाय नव्हता.

मग आक्काने बादली सोडली. वर आली ती पांढरी.

"ह्ये काय?"

"ते... कूलंट आहे. ते पाण्यात मिसळलेलं असतं. वर तरंगत नाही, त्यामुळे मशीनला ते उचलता येत नाही."

आक्काने बादलीकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजी तुजं मशीन निस्ती साय काढतंय. दूध हाय तिथंच."

वेल्डर तोंड फिरवून हसला. मी मात्र त्या क्षणी माझं सगळं माहितीपत्रक मनातल्या मनात फाडून टाकलं. एक थेंबही राहू नये, म्हणे. वरचा थेंब राहू नये. खालच्याबद्दल आम्ही काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि ते न लिहिणं किती सोयीचं होतं.

आता काय करायचं ते विचारायला मी बंदराच्या मॅडमना फोन लावला. सणाच्या दिवशी. हात ओले म्हणून स्पीकरवर टाकला. सगळं सांगितलं, मालकांची 'व्यवस्थित विल्हेवाट'सुद्धा. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचं मशीन तुम्ही विहिरीत घातलंय."

"हो मॅडम. धुऊन देतो."

"ते मी ऐकलंच नाही असं समजते. पाणी पांढरं आहे ना? मग कोणी पिऊ नका, जनावरांनाही देऊ नका. टँकर मागवून सगळं उपसा. सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र असतं औद्योगिक भागात, तिथेच गेलं पाहिजे. ओढ्यात नाही."

"आणि कंपनीने नाही म्हटलं तर?"

"नाही कसं म्हणतात? आमच्याकडे एखाद्या जहाजाने बंदरात असं काही सोडलं, तर जहाज अडवून ठेवतो आम्ही. साफ करून दे, मगच नांगर उचल. कितीही मोठ्या कंपनीचं जहाज असो, सोडत नाही." मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आमच्याकडे जहाज नाही. "बघा काय करता येतं ते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

विहिरीच्या काठाला एक जांभळाचं झाड आहे. आक्का शांतपणे उठली, मशीन वर ओढून घ्यायला लावलं, साखळी मशीनच्या सांगाड्यातून ओवली, झाडाला दोन वेढे दिले आणि मोटरच्या पेटीचं कुलूप काढून साखळीला लावलं. किल्ली कनवटीला.

"आक्का, काय करतीयेस?"

"जहाज अडिवलंय."

दुपारी बंदराकडे जाणारा ट्रक शेडवर आला, शेडमध्ये मशीन नाही, म्हणून मालक शोधत शोधत विहिरीवर आले. रेशमी कुर्ता, हातात आपट्याची पानं. मागोमाग ट्रकचा ड्रायव्हर. मालकांनी आधी मशीन बघितलं, मग साखळी, मग मला. पण सण होता, शिवाय आक्का वयाने मोठी. त्यांनी पानं पुढे केली. "ताई, सोनं घ्या."

"ठिवा तिथं, कठड्यावर. आन जरा आत वाकून बघा."

मालक वाकले. सरळ झाले. "हे आमचंच कशावरून? गल्लीत सगळेच सोडतात."

"व्हय. पर तुमचा ह्यो वेल्डर हितं उभा हाय, आन तो खोटं बोलत न्हाई."

वेल्डरने पायाकडे बघितलं. "सोडलंय आपण, साहेब."

"बरं, सोडलं," मालक म्हणाले. "पंप लावू. उपसून ओढ्यात सोडून देऊ, विहीर रिकामी होईल, नवं पाणी येईल. दोन तासांचं काम. मला ट्रक मुहूर्तावर सोडायचाय, ताई."

"वढ्याच्या खाली माज्या जावंची हीर हाय. काल गेलं त्येवढं बास."

दाजींनी चमकून बघितलं. या दोघींच्या भांडणात इतक्या वर्षांत विहिरीचा उल्लेख कधी झाला नव्हता. मालकांना तो इतिहास माहीत नव्हता, पण कठड्यावरच्या कोणीतरी हळूच त्यांच्या कानात सांगितला असावा, कारण ते म्हणाले, "अहो, पण तुमचं तर त्यांच्याशी बोलणंसुद्धा नाही."

"माजं भांडण तिच्याशी हाय. तिच्या पाण्याशी न्हाई."

मला वाटतं, त्या दिवशी विहिरीच्या काठावर भिंत नसलेलं माणूस एकच होतं.

मालक तापले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कंपनीचे आहात की यांचे? गावाकडे बंदराचं मशीन घेऊन आलात, कोणाला न विचारता. उद्या काय ते बोलू आपण."

मी घाबरतो अशा वेळी. मिळेल तो पेढा तोंडात टाकतो. पण सकाळपासून पोटात श्रीखंडही नव्हतं, नुसता राग होता. मी म्हणालो, "साहेब, उद्या बोलू. पण आपण मैलोन्‌मैल लांबच्या समुद्रासाठी रंगाचा डबासुद्धा तपासून घेतो, आणि भिंतीच्या मागे बादली उपडी करतो. त्या मॅडम आपल्या शेडमध्ये आल्या म्हणून आपण फरशी दोनदा पुसली. ही माझी बहीण रोज तिथेच असते. हिच्यासाठी आपण काय पुसलं?"

एवढं बोलून मला धाप लागली. आक्का म्हणाली, "बसा आता समदे. जेवून घ्या. उपाशी कुणी जायाचं न्हाई, आन मशीन बी जायाचं न्हाई."

आणि खरोखर सगळे जेवले. प्यायला दुकानातून आणलेलं बाटलीचं पाणी होतं, ते तिने मालकांच्या ताटाशी मुद्दाम आवाज करून ठेवलं. मालक एका हाताने पुरी खात आणि दुसऱ्या हाताने फोन लावत बसले होते. दसऱ्याला टँकर कोण देणार? एकाचा ड्रायव्हर गावी, एकाचा टँकर हार घालून पूजेला उभा. ट्रकवाला जेवून झाडाखाली आडवा झाला. "मला काय, सावली आहे, जेवण आहे," म्हणाला. मुहूर्त टळला. मालकांनी घड्याळ बघणं सोडून दिलं आणि त्यानंतर ते जरा माणसासारखे बोलायला लागले. दाजींना विचारलं, झेंडूला किती पाणी लागतं. दाजींनी सांगितलं. मग दोघं विहिरीकडे बघत बसले.

ऊन उतरताना टँकर आला. पाइप विहिरीत गेला, पांढरं पाणी वर जायला लागलं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी आक्काकडे किल्ली मागितली.

"त्यो टँकर कुठं रिता व्हनार?"

"केंद्रावर. साहेबांनी सांगितलंय त्याला."

"साहेबांनी म्याडमला बी सांगितलं व्हतं." मग दाजींकडे बघून, "तुमी जावा त्याच्यासंगं. फुडं बसा. पानी कुठं सुटतं ते डोळ्यांनी बघा, मंग या."

दाजी नवे कपडे घालून टँकरच्या केबिनमध्ये जाऊन बसले. विहीर एका खेपेत थोडीच रिकामी होणार? ते पुन्हा आले, पुन्हा गेले. दर खेपेला आक्का एवढंच विचारायची, "कुठं?" आणि दाजी सांगायचे, "गेटातनं आत. म्या उतरून बघितलं." शेवटच्या खेपेला त्यांच्या हातात ड्रायव्हरने दिलेला वडापाव होता आणि दोघं एकमेकांना भाऊ म्हणायला लागले होते. मग आक्काने कनवटीची किल्ली काढली. दिवेलागणीला ट्रक निघाला. मशीनवर बांधलेला झेंडूचा हार तसाच होता, फक्त त्याच्या खालच्या पाकळ्या काळ्या पडल्या होत्या.

विहिरीच्या बुडाशी झरे आहेत. हळूहळू पाणी चढत गेलं. आक्काने ओढ्याचा पाइप दगड-सिमेंटने बुजवून टाकला, म्हणजे विहीर आता पूर्वीसारखी तुडुंब होत नाही. उन्हाळ्यात झेंडू निम्माच लावला. हे नुकसान कोणाच्या हिशेबात येत नाही. पाणी आलं तेव्हा पहिल्यांदा म्हशी आणल्या. एकीने नाक खाली केलं, थांबली, आणि प्यायली. दुसरीने पहिलीचं पिऊन होईपर्यंत वाट बघितली. घरात मात्र ते पाणी आक्का अजून पिण्याला घेत नाही.

काही महिन्यांनी बंदराकडून मशीनचा फोटो आला. निळं पाणी, मागे जहाज, पुढे फलक, फलकावर स्वच्छ बंदराबद्दल काहीतरी. मालकांनी फ्रेम करून केबिनमध्ये लावलाय. येणारे-जाणारे कौतुक करतात. मला तो फोटो बघवत नाही. फोटो खोटा नाही, म्हणून तर बघवत नाही. ते पाणी खरंच निळं आहे. तेवढ्या पाण्यापुरतं आम्ही सगळ्यांनी चोख काम केलंय, आणि आम्ही त्या चौकटीच्या बाहेर पाऊल टाकावं म्हणून एका बाईला साखळी बांधावी लागली.

माझी नोकरी राहिली. 'उद्या बोलू' तो उद्या आलाच नाही, बहुधा मालकांनाच तो नको होता. यंदा खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये कूलंट पिंपांत भरलं, पिंपं टँकरमध्ये रिकामी केली आणि टँकरच्या केबिनमध्ये दाजी बसले. मालकांनी हे स्वतःहून केलं, एवढं म्हणायला हवं. हौदाचा पाइपही बुजवलाय. पण गल्लीतल्या बाकीच्या शेड? तिथे यंदाही तेच. मी एका शेजाऱ्याकडे जाऊन बोललो, तर तो म्हणाला, "राव, तुमचं बरंय, तुमचा धंदाच सफाईचा." आणि पेढा पुढे केला. या वेळी मी पेढा घेतला नाही. एवढीच माझी प्रगती.

पूजा उरकून मी आक्काकडे गेलो. ओढा पुन्हा पांढरट वाहत होता, विहिरीत शिरायला वाट नव्हती, म्हणून सरळ खाली चालला होता. जावेने तिचा पाइप आदल्या दिवशीच बुजवून घेतला होता. बोलणं अजूनही नाही. सिमेंटची अर्धी गोणी मात्र कोणीतरी त्याआधीच तिच्या दारात नेऊन ठेवली होती.

आक्काच्या घरात पाटावर हत्यारं मांडली होती. विळा, खुरपं, कोयता, दाजींचा पाना. आणि मधोमध ती साखळी, घासून लख्ख केलेली, कुलपासकट. तिला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल.

"म्हशींची ना ही?" मी विचारलं.

"म्हशीस्नी दोर आणलाय नवा," आक्का म्हणाली, आणि माझ्या हातात अक्षता दिल्या.